माल नमुन्यापेक्षा डावा नको

सुरुवातीलाच सांगून टाकतो, चूक माझी नव्हती. म्हणजे कलम माझं होतं, भाषा माझी होती, सही माझी होती आणि नमुनाही मीच दिला होता. पण चूक माझी नव्हती. गेले कित्येक महिने मी हे घरात, कचेरीत आणि जिन्यात भेटेल त्याला सांगतो आहे. लोक सहानुभूतीने मान हलवतात, हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतात आणि विचारतात, "पण नक्की कुठला हात म्हणालात?"

प्रकरण सुरू झालं बिस्किटांपासून. आमच्याकडे बिस्किटांची एक मोठी काचेची बरणी आहे, तिला फिरकीचं पत्र्याचं झाकण. गेल्या वर्षी तिच्यातली बिस्किटं सादळायला लागली. चहात बुडवण्याआधीच बुडवून काढल्यासारखी लागत. बायको म्हणाली, हल्ली बिस्किटंच हलकी येतात. मी दुकानदाराशी दोनदा भांडलो आणि तिसऱ्यांदा दुकान बदललं. मग एका सुटीच्या दिवशी दुपारी चार वाजता स्वयंपाकघरात गेलो, तर आई बरणीपाशी उभी. झाकण नुसतं वर टेकवलेलं. मी ते घट्ट लावायला गेलो तशी ती घाईघाईने म्हणाली, "राहू दे रे. असू दे तसंच."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. तिची बोटं सांध्यांत धरायला लागली होती. घट्ट झाकण तिला उघडत नव्हतं, आणि चारच्या चहाला घरात दुसरं कोणी नसतं. "जरा उघडून दे" म्हणायला आमची वाट बघत बसणं तिच्या स्वभावात नाही. जन्मभर चाळीस-चाळीस पोरांचे वर्ग सांभाळलेल्या बाईने एका झाकणासाठी कोणाच्या तोंडाकडे बघावं? म्हणून ती झाकण सैल ठेवत होती आणि सादळलेली बिस्किटं मुकाट्याने खात होती. मला फार वाईट वाटलं. आणि मला वाईट वाटलं की मी काहीतरी करायला घेतो, ही आमच्या घरातली जुनी तक्रार आहे.

माळ्यावर मोडक्या खुर्चीचा एक पाय होता. मला न पुरणारा एक जुना कमरपट्टा होता. सायकलच्या ट्यूबचा तुकडा होता. खुर्चीच्या पायाचा केला दांडा, त्याच्या टोकाला पट्ट्याचा फास, आणि फासाला आतून रबर. फास झाकणाभोवती टाकायचा आणि दांडा फिरवायचा. एका दिशेने फिरवला की फास आवळतो आणि झाकणाला घेऊन फिरतो. उलट दिशेने फिरवला की नुसता घसरतो. शोध एवढाच. दांड्याच्या वरच्या अंगाला अंगठा टेकवायला एक तिरकी खळगी हवी होती. आई डावखुरी, म्हणून मेणाच्या गोळ्यावर तिचा डावा अंगठा उमटवून घेतला आणि त्या मापाने खळगी कोरत बसलो. मधूनमधून माझाच अंगठा घालून बघत होतो, आणि तोही कसा कोण जाणे, छान बसत होता.

तिसऱ्या प्रयत्नात झाकण 'टक्' करून सुटलं. आईने एक बिस्किट खाल्लं. "कुरकुरीत आहे," एवढंच म्हणाली, पण लगेच दुसरं घेतलं. दुसरं ती कधी घेत नाही.

मी त्या वस्तूचं नाव ठेवलं 'सुटका'. घरात मात्र तिला सगळे 'आईंचं ते' म्हणत.

'आईंचं ते' आठवडाभरात इमारतीत फिरून आलं. वरच्या मजल्यावरचे गोदामकाका ते घेऊन गेले आणि खाली आले ते मला उद्योगपती करायचं ठरवूनच. गोदामकाका एका मोठ्या गोदामाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर आलेल्या मालात खोट काढण्याचा पगार घेतलेला माणूस, आता ते काम फुकट करतो. समोरच्या दारातले विमावाले म्हणाले, "माझ्या ओळखीचे एक कारखानदार आहेत. त्यांना अशाच वस्तू हव्या असतात. तुम्ही फक्त कल्पना द्यायची, बनवायचं-विकायचं त्यांनी. प्रत्येक नगामागे तुमचा वाटा."

"कल्पना देशील रे," गोदामकाका म्हणाले, "पण माल बघशील तेव्हा रडशील. मी बादल्या बघितल्यात. नमुन्याची बादली अशी, की तिच्यात मी स्वतः उभा राहिलो होतो. माल आला तर कडी नुसती बादलीचंच वजन पेलेना. नमुना म्हणजे लग्नाआधीचा नवरा. माल म्हणजे लग्नानंतरचा."

यावर आमच्या बायकोने जितका वेळ मान हलवली तितकी काही गरज नव्हती.

पण ते वाक्य माझ्या मनात घर करून बसलं. माझं नाव असलेली वस्तू घरोघरी जाणार. कुणाच्या तरी आईच्या हातात तिचं रबर फाटणार, स्क्रू निखळणार, आणि ती आई वर लिहिलेलं नाव वाचणार. माझं. मला धास्तीने जेवण जाईना. एकदा स्वप्नात दोन हजार बिस्किटं सादळली.

आधी नोंदणी कचेरीत गेलो, कारण मेहुणेबुवांनी तसं बजावलं. मेहुणेबुवा म्हणजे बायकोचे भाऊ. ते वकील आहेत आणि नात्यातली कामं फुकट करतात, म्हणजे न वाचता करतात. नोंदणीच्या खिडकीत बसलेल्या कारकुनाने विचारलं, "वस्तू काय करते?"

"झाकण उघडते."

"बंद करते?"

"छे, छे."

"मग 'फक्त उघडण्यासाठी' असं लिहा. नंतर भानगड नको."

हा माणूस द्रष्टा होता, पण तेव्हा मला तो कटकट्या वाटला. त्याने चार बाजूंची चित्रं मागितली: वरून, खालून, डावीकडून, उजवीकडून. मी काढून नेली. त्याने ती परत केली, कारण डावीकडच्या चित्राखाली मी 'उजवीकडून' लिहिलं होतं. सुधारून नेली. पुन्हा परत, कारण या वेळी दोन्हीखाली 'डावीकडून' होतं. इथे एक कबुली द्यायला हवी. मला लहानपणापासून डावं-उजवं पटकन उमगत नाही. गाडीवाल्याला मी 'डावीकडे घ्या' म्हणतो आणि हात उजवीकडे दाखवतो. मुरलेले गाडीवाले मला तिसऱ्याच रस्त्याने नेतात. शाळेच्या कवायतीत अख्खी रांग एकीकडे वळे आणि मी समोरच्या मुलाशी नाक भिडवून उभा असे. शेवटी चित्रांखालची नावं बायकोने घातली आणि नोंदणी झाली.

कारखानदार भला माणूस निघाला. हसतमुख, गोल चेहऱ्याचा, बोलताना समोरच्याच्या पाठीवर थाप मारणारा. त्याच्या फोरमनला सगळे ओळंबा म्हणत. गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे बघायला दोरीला वजन लावून सोडतो ना, तो ओळंबा. माणूस उंच, शिडशिडीत, आणि इकडचा तिकडे होणार नाही असा. त्याला एकदा कारखानदाराने गमतीत म्हटलं होतं, "अरे, भिंतीला डोकं आपट," तर म्हणे त्याने विचारलं होतं, "कुठल्या?"

करारनामा मेहुणेबुवांनी लिहून पाठवला. त्यात सातवं कलम होतं: 'उत्पादित माल मंजूर नमुन्याहून निकृष्ट असू नये.' आता मी माझ्या कचेरीत मसुदे लिहितो. पंचवीस वर्षं हेच करतो आहे. मोठे साहेब रजेवर जाताना माझ्याच हातून अर्ज लिहून घेतात. 'निकृष्ट' हा शब्द मला निकृष्ट वाटला. त्यात घरचेपणा नाही, जोर नाही. करार लिहिणं म्हणजे माझ्या डाव्या हाताचा मळ. मी पेन उचललं आणि अस्सल मराठीत लिहिलं:

'कलम सात. माल नमुन्यापेक्षा तसूभरही डावा असता कामा नये. झालाच तर उजवाच व्हावा.'

वाचून माझाच मला अभिमान वाटला. गोदामकाकांना ऐकवलं, त्यांचे डोळे भरून आले. मग हात सैल सुटला. रबरासाठी एक कलम, पट्ट्यासाठी एक, स्क्रूंसाठी एक. आठव्या कलमात लिहिलं की प्रत्येक नगाच्या वरच्या अंगाला पितळी पट्टी ठोकावी, तिच्यावर माझं नाव आणि 'ही बाजू वर' अशी अक्षरं असावीत. नवव्यात लिहिलं की मंजूर नमुना धूळ न लागता हवाबंद ठेवावा. मेहुणेबुवांनी सगळ्यावर डोळे मिटून शिक्का मारला.

नमुना म्हणून अर्थातच 'आईंचं ते' द्यावं लागणार होतं. दुसरं नव्हतंच. मी आईला विचारलं.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"पंधरा. फार तर. आणि मग तुला याच्याहून छान नवं मिळेल. पितळी पट्टीवालं."

तिने ते ओट्यावरून उचललं, एकदा अंगठा खळगीत ठेवून बघितला आणि माझ्या हातात दिलं. पंधरा दिवसांचे चार महिने झाले.

त्या चार महिन्यांत मी दर शनिवारी कारखान्यात जाऊन दर्जा तपासला. रबर ताणून पाहिलं, हुंगून पाहिलं, एकदा दाताखाली धरून पाहिलं. "साहेब, चहा मागवू का?" ओळंबाने शांतपणे विचारलं. स्क्रू मी घरी आणून रात्रभर पाण्यात ठेवले, गंजतात का बघायला. पट्टे कडीला बांधून त्यांना लोंबकळलो. रबर उत्तम होतं. पट्टे उत्तम होते. माझा संशय मात्र वाढतच गेला, कारण इतकं सगळं उत्तम असलं तर नक्की काहीतरी गडबड आहे, असं गोदामकाकांचं मत पडलं.

एका शनिवारी ओळंबा करारनामा हातात घेऊन आला. "साहेब, साचा करायला घेतोय. कलम सात आहे तसंच पाळायचं ना?"

इतक्या लोकांत माझ्या भाषेची कदर करणारा हा एकच निघाला, असं मला वाटलं. "अक्षरशः," मी म्हणालो.

"अक्षरशः?" त्याने जरा कोड्यात पडल्यासारखं विचारलं.

"अक्षर न् अक्षर. काना-मात्रासुद्धा सोडू नका."

"मग आरसा लागेल," तो स्वतःशीच म्हणाला आणि निघून गेला. कारखान्यात आरसा कशाला, असं मला क्षणभर वाटलं होतं. पण यंत्रातलं आपल्याला काय कळतं, म्हणून मी गप्प बसलो.

घरी बिस्किटं पुन्हा सादळायला लागली होती. मग तीही दिसेनाशी झाली. आईला विचारलं तर म्हणाली, "आता चहाबरोबर काही लागत नाही मला." बायकोने माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघितलं.

अखेर पहिली पेटी आली. मी समारंभ करायचं ठरवलं. बरणीत नवी कोरी बिस्किटं भरली, झाकण लावलं, गोदामकाका, विमावाले आणि त्यांची मंडळी यांना बोलावलं. पेटीतून पहिला नग काढला. काय तो दांडा! काय ती झिलई! पितळी पट्टीवर माझं नाव चकाकत होतं. गोदामकाकांनी खोट काढायला तो पाच मिनिटं उलटसुलट केला आणि डबडबल्या डोळ्यांनी म्हणाले, "नमुन्याच्या तोंडात मारेल असा माल आहे."

"आई, हे घे. नाव वर," मी म्हणालो.

आईने डाव्या हातात धरायला बघितलं. खळगी तिच्या अंगठ्याखाली येईना. मग दोन्ही हातांनी धरलं, फास टाकला, जोर लावला. झाकण फिरलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. झाकण मात्र सुटलं नव्हतं.

"अजून थोडं," मी म्हणालो. तिने आणखी जोर लावला. झाकण आणखी फिरलं आणि थांबलं. मी हातात घेतलं, नाव वर ठेवून पिळलं. झाकण करकरलं. विमावाले म्हणाले, "द्या इकडे, याला तंत्र लागतं," आणि त्यांनी तंत्राने पिळलं. गोदामकाकांनी बरणी गुडघ्यांत धरून पिळलं. पहिल्या मजल्यावर रोज व्यायाम करणारे एक गृहस्थ राहतात, त्यांच्याकडे बरणी नेली. ती परत आली तेव्हा झाकणाची कडा काचेत रुतली होती आणि गृहस्थ मनगट चोळत होते.

"अहो, हे आवळतंय," बायको म्हणाली.

"आवळेल कसं? फक्त उघडण्यासाठी आहे. नोंदणी आहे तशी!"

"मुळात झाकण उघडायला फिरवायचं कुठे?" विमावाल्यांनी विचारलं.

त्यावर खोलीतल्या नऊ जणांनी नऊ हात हवेत धरून न दिसणारी झाकणं फिरवायला सुरुवात केली. काही उजवीकडे, काही डावीकडे. "माझ्याकडून बघा," "नाही, वरून बघा," "तुमची उजवी म्हणजे माझी डावी ना, समोर बसलोय की." दहा मिनिटांनी अशी अवस्था झाली की नळ कसा सोडतात हेही कोणाला सांगता येईना. बरणीत बिस्किटं दिसत होती आणि कोणालाही मिळत नव्हती. आई म्हणाली, "जाऊ दे. माझं जुनं तेवढं आणून दे मला."

मला मान वर करवेना. दुसऱ्या दिवशी कारखान्यात जायला निघालो तर आई चपला घालून दारात उभी. "मी येते. तू पुन्हा पंधरा दिवस म्हणशील."

कारखानदाराच्या खोलीत दोन हजार नगांच्या पेट्या छतापर्यंत रचलेल्या होत्या. कारखानदार या वेळी हसला नाही आणि त्याने माझ्या पाठीवर थापही मारली नाही. "थोडा माल दुकानांतही गेला होता, तिथून फोन येतायत. लोकांची झाकणं कायमची बसलीयत. एका बाईची औषधाची बाटली फोडावी लागली."

मी आवाज चढवला. "माल बिघडवलात तुम्ही! करार आहे आपला! कलम सात!"

ओळंबा पुढे झाला. त्याच्या हातात करारनामा होता, सातव्या कलमाखाली लाल रेघ. "साहेब, कलम सातप्रमाणेच केलंय. माल नमुन्यापेक्षा डावा असता कामा नये. तुमचा नमुना डावा होता."

"काय?"

"डाव्या हाताचा. अंगठ्याची खळगी बघा ना. आणि पुढे लिहिलंय, झालाच तर उजवाच व्हावा. मी नमुना आरशासमोर धरला आणि आरशात दिसला तसा साचा केला. अगदी उजवा. तसूभर फरक नाही."

"अरे बाबा, डावा म्हणजे..." मी म्हणालो. "डावा म्हणजे कमी प्रतीचा! वाईट! शब्दशः नव्हे!"

"तुम्ही अक्षरशः म्हणालात," ओळंबा म्हणाला. "मी दोनदा विचारलं."

"आरशात सगळंच उलटं झालं," कारखानदार डोकं धरून म्हणाला. "उघडायचं ते आवळायला लागलं. यात चूक तुमच्या कलमाची आहे. मी हे सगळं भंगारात घालतो आणि आपला करार इथेच संपला."

मी समजावून सांगू लागलो की उजवा म्हणजे सरस आणि डावा म्हणजे निकृष्ट, पण उजवा हात म्हणजे सरस हात नव्हे, आणि डावखुरा माणूस डावा नसतो, निदान नमुन्यापेक्षा तरी नसतो. बोलता बोलता माझाच पाय घसरला. मी उजवा हात वर करून "हा डावा" म्हणालो. ओळंबाने ते लिहून घेतलं.

"माझं जुनं कुठाय?" इतका वेळ खुर्चीवर बसलेली आई म्हणाली.

ओळंबाने कपाटातून काचेची एक मोठी बरणी काढून टेबलावर ठेवली. आत 'आईंचं ते', खुर्चीचा पाय आणि माझा कमरपट्टा. "कलम नऊ," तो म्हणाला. "हवाबंद. झाकण आपल्याच पहिल्या नगाने लावलंय, चाचणी म्हणून."

"मग उघडा," मी म्हणालो.

"उघडत नाही. चौघांनी बघितलं. हे उघडायला जे लागतं ते आत आहे."

कारखानदार पेट्यांकडे तोंड करून उभा राहिला. मला रडू आलं. खरंच आलं, खोटं कशाला सांगू. आईला कुरकुरीत बिस्किट मिळावं एवढ्यासाठी सुरू केलं आणि शेवटी तिचं होतं तेही काचेत कोंडून ठेवलं.

आई उठली. पेटीतून एक नग उचलला. चष्मा घरी राहिला होता, त्यामुळे पट्टीवर माझं नाव आहे की आणखी कोणाचं, तिला काही दिसत नव्हतं. तिने तो हातात तोलला आणि सरळ पालथा केला. पितळी पट्टी खाली, खळगी खाली. फास झाकणावर टाकला, डाव्या हाताने दांडा धरला, खळगीत खालून तर्जनी रुतवली आणि ओढलं.

टक्.

तिने झाकण बाजूला ठेवलं, स्वतःचं जुनं बाहेर काढलं आणि रुमालाने पुसलं. "चला," ती म्हणाली.

कारखानदाराने झडप घालून दुसरा नग उचलला, पालथा केला, बरणी लावली, उघडली, लावली, उघडली. उजव्या हाताने केलं, डाव्याने केलं. "उलटं धरायचं फक्त! उलटं धरलं की उघडतंय!" त्याची थाप माझ्या पाठीवर परत आली. "मग आम्ही सगळ्यांनी उलटं धरून का नाही बघितलं?"

"लिहिलंय ना, 'ही बाजू वर'," ओळंबा म्हणाला. "कलम आठ."

करार टिकला. पट्ट्या ठोकून बसल्या होत्या, त्या निघत नव्हत्या. म्हणून पालथ्या अंगाला एक कागदी चिकटपट्टी लावायचं ठरलं, तिच्यावर 'ही बाजू वर'. म्हणजे आता 'सुटका'च्या दोन्ही बाजू वर आहेत. लोक थोडा वेळ विचार करतात, मग दोन्ही करून बघतात, आणि झाकण उघडतं. माझं नाव तेवढं कायमचं झाकणाकडे तोंड करून राहिलं. ते फक्त बरणीला वाचता येतं.

परत येताना रिक्षात आई मांडीवर 'ते' घेऊन बसली होती. मी विचारलं, "तुला कसं सुचलं ग, उलटं धरायचं?"

"सुचायचं काय त्यात? वस्तू हातात आली की मी आधी उलटी धरून बघते. पळी घे, डबा फोडायची चावी घे, लिहायला फळी लावलेली खुर्ची घे. सगळं उजव्यांसाठी केलेलं. सरळ धरलं की माझं अडतं." तिने मांडीवरचं 'ते' एकदा पालथं केलं. "म्हणून तर तुझं बदललं."

"माझं? काय बदललं?"

"तू पण डावराच होतास की. चमचा, पेन्सिल, चेंडू, सगळं डाव्या हातात. शाळेत जायच्या आधी मी तुझ्या डाव्या हाताला मोजा घालून ठेवायचे. वर्षभर. तू रडायचास. मी म्हणायचे, रडू दे, पण माझ्यासारखं जन्मभर उलटं धरत बसायला नको." ती हसली, पण पुरती हसली नाही. "ते तुझं कलम सात ना, ते मी पण घातलं होतं. नमुन्यापेक्षा माल डावा नको."

मी माझ्या हातांकडे बघितलं. दोन्ही सारखेच अनोळखी वाटत होते.

"त्यातून तुझं ते डावं-उजव्याचं झालं," आई म्हणाली. "बरं नाही केलं मी. चूक माझी होती रे."

आता सांगा, हे ऐकल्यावर माणसाने काय म्हणावं? चूक माझी नव्हती, हे मी कालपासून ओरडून सांगत होतो. पण ती तिची आहे असं तिने म्हटल्याबरोबर मला ती हवीशी वाटायला लागली. "तुझी नाही ग," मी म्हणालो. "माझीच. सही माझी आहे."

घरी पोचलो तेव्हा चार वाजून गेले होते. सबंध इमारतीने आवळलेली बरणी ओट्यावर तशीच होती. बायकोने चहा टाकला. गोदामकाका बातमी ऐकायला आधीच येऊन बसले होते. मी आईच्या हातातून तिचं जुनं घेतलं, फास टाकला, आणि या वेळी विचार न करता दांडा धरला. अंगठा खळगीत गेला आणि आपल्या घरी आल्यासारखा बसला.

"अहो, तुम्ही डाव्या..." बायको म्हणाली.

टक्.

झाकण सुटलं. आजवर कधी नव्हतं इतकं घट्ट बंद असल्यामुळे आतली बिस्किटं कधी नव्हती इतकी कुरकुरीत होती. आईने दोन घेतली. मग एक काढून माझ्यापुढे धरलं. मी हात पुढे केला. कुठला, ते मी बघितलं नाही.